व्हरांड्याचा कठडा : पांढऱ्या शिशाच्या इतिहासाविषयी

बर्नार्ड शॉचे ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ हे नाटक वर्गात शिकवताना दुसऱ्या अंकातील एक तपशील बहुधा घाईत ओलांडला जातो. आपण हा व्यवसाय का पत्करला हे मुलीला समजावताना मिसेस वॉरन आपल्या एका सावत्र बहिणीची हकीकत सांगते. ही बहीण ‘व्हाइट लेड’च्या कारखान्यात रोज बारा तास राबत असे. मजुरी आठवड्याला नऊ शिलिंग. हात थोडेफार लुळे पडतील एवढीच तिची अटकळ होती. प्रत्यक्षात ती शिशाच्या विषबाधेने मरण पावली. शॉने हे सारे मोजक्या शब्दांत उरकले आहे, आणि आपणही टीपेत ‘एक विषारी रंगद्रव्य’ एवढे लिहून पुढे सरकतो, कारण परीक्षेत प्रश्न येतो तो मिसेस वॉरनच्या व्यवसायावर.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला नेमके इथेच अडवले. हात लुळे पडणार हे त्या मुलीला आधीपासून ठाऊक होते, म्हणजे ते साऱ्या वस्तीला ठाऊक असणार, मालकाला ठाऊक असणार, सरकारलाही ठाऊक असणार. मग तो कारखाना चालू कसा राहिला? ती तिथे का गेली याचे उत्तर नाटकातच आहे. दारिद्र्य हे ते उत्तर. परंतु ठाऊक असूनही कारखाना का चालू राहिला याचे उत्तर नाटकात मिळत नाही. त्याच्या शोधात मला साहित्याच्या बाहेर बरेच हिंडावे लागले. प्रस्तुत लेख हा त्या हिंडण्याचा वृत्तांत आहे.

प्रथम या पदार्थाची ओळख करून घेऊ. मराठीत शिशाचे नाव आपण नको तिथे घेतो आणि हवे तिथे विसरतो. शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनचेच एक रूप. उलट सफेदा, शेंदूर, मुर्दाडशिंग या नावांत शिशाचा उच्चारही नाही, पण जुन्या व्यवहारात हे तिन्ही पदार्थ शिशाचेच. मुर्दाडशिंग आणि शेंदूर ही शिशाची दोन ऑक्साइडे आणि सफेदा हे त्याचे कार्बोनेट. आयुर्वेदातील रसशास्त्राने या धातूला ‘नाग’ हे सापाचेच नाव दिले आणि त्याचे शोधन केल्याविना तो औषधात वापरू नये असा दंडक घातला. धातूच्या स्वभावाविषयी काही शंका असल्याखेरीज असा दंडक कोणी घालत नाही.

युरोपात सफेदा तयार करण्याची जुनी पद्धत ‘डच पद्धत’ म्हणून ओळखली जाते. मातीच्या भांड्यात थोडा शिरका घालायचा, त्यावर शिशाच्या गुंडाळ्या ठेवायच्या आणि अशा भांड्यांचे थरावर थर घोड्याच्या लिदीत किंवा चामडे कमावून उरलेल्या सालीत पुरून काही आठवडे बंद ठेवायचे. लिदीची ऊब, शिरक्याची वाफ आणि कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू यांच्या संयोगाने धातूवर पांढरी खपली धरते. ती खपली काढायची, धुवायची, भट्टीत सुकवायची आणि दळायची. अळशीच्या तेलात ती कालवली की जो रंग तयार होई, त्याच्या तोडीचा दुसरा रंग दीर्घकाळ कोणाला ठाऊक नव्हता. एका हातात लाकूड झाकले जाई, ऊनपावसात रंग टिके आणि ब्रश त्यावरून लोण्यासारखा फिरे. रंगाऱ्यांचे त्यावर प्रेम होते आणि ते अकारण नव्हते.

हा पदार्थ विषारी आहे हे ज्ञान नवे नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात निकँडर या ग्रीक कवीने विषांवर जे पद्यमय ग्रंथ रचले, त्यांत सफेद्याच्या विषाची लक्षणे आली आहेत. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने शिशाच्या कारागिरांची निस्तेज कांती पाहून शिशाच्या नळांतले पाणी टाळावे असे सुचवले. परंतु या संदर्भात मला सर्वांत बोलका वाटतो तो बेंजामिन फ्रँकलिनने जुलै १७८६मध्ये एका मित्राला लिहिलेला खलिता. १७२४च्या सुमारास लंडनच्या एका छापखान्यात काम करताना तो ओले खिळे विस्तवासमोर सुकवत असे आणि थंडीत त्या ऊन खिळ्यांनी हात शेकत असे. एका वृद्ध कामगाराने त्याला बजावले की असे करू नकोस, हात कायमचे जातील. आपल्या दोन सोबत्यांचे गेले आहेत. शिशाविषयीच्या अशा बऱ्याच आठवणी सांगून झाल्यावर पत्राच्या अखेरीस फ्रँकलिन म्हणतो ते असे, की हे मत निदान साठ वर्षांचे तरी जुने आहे, आणि एखादे उपयुक्त सत्य लोकांना कळूनही ते आचरणात येण्यापूर्वी किती काळ लोटतो हे पाहून खेद वाटतो. आपली मराठी पुस्तकेही ऑफसेट येईपर्यंत शिशाच्याच खिळ्यांनी जुळवली जात होती, हे साहित्याच्या वाचकांनी येथे आठवावे. शॉच्या पात्राला ज्या लुळ्या हातांची अटकळ होती, ते हात फ्रँकलिनच्या पत्रात शंभराहून अधिक वर्षे आधी येऊन गेले होते.

शॉच्या आधी या कारखान्यांचे दार साहित्यात उघडले ते चार्ल्स डिकन्सने. १८६८च्या डिसेंबरात त्याने पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतल्या घरांचे वर्णन करणारा एक लेख लिहिला. एका खोलीत त्याला आगीजवळ जमिनीवर पडलेली एक स्त्री दिसते. तिला काय झाले असे विचारताच घरातली आयरिश बाई सांगते की हे शिशाच्या गिरणीचे काम. तिथे दिवसाला अठरा पेन्स मिळतात. कोणाला विष लवकर बाधते, कोणाला उशिरा, कोणाला कधीच बाधत नाही. सारे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे. पुढच्या वर्षी डिकन्स स्वतः एका गिरणीत गेला. मालक त्याला दयाळू वाटले, खबरदारी पुरेशी वाटली, आणि एक दिवस हे काम यंत्रे करतील अशी आशा व्यक्त करून त्याने विषय संपवला.

या दोन लेखकांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. अठरा पेन्स म्हणजे दीड शिलिंग. आठवड्याचे कामाचे सहा दिवस धरले, तर ते होतात नऊ शिलिंग. शॉने नाटक लिहिले १८९३ साली, म्हणजे डिकन्सनंतर पंचवीस वर्षांनी. मजुरी एका पेनीनेही वाढलेली नव्हती. शॉने हा आकडा डिकन्सकडून घेतला की अहवालांतून, या प्रश्नाला येथे महत्त्व नाही. विषाची किंमत पाव शतक स्थिर होती, हे महत्त्वाचे.

त्याहून महत्त्वाचा आहे त्या आयरिश बाईच्या तोंडचा ‘प्रकृती’ हा शब्द. विष बाधले तर दोष विषाचा नाही, प्रकृतीचा. हा युक्तिवाद तिने शोधून काढलेला नव्हता. तो वरून झिरपत तिच्यापर्यंत आला होता आणि तिने तो दैव मानून स्वीकारला होता. पुढच्या शंभर वर्षांत या शब्दाची जागा वेगवेगळ्या शब्दांनी घेतली. कधी तो ‘न धुतलेले हात’ झाला, कधी ‘वाईट सवय’, कधी ‘निष्काळजी आई’. वाक्याची रचना मात्र तीच राहिली. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या वाक्यरचनेत आहे, असे मला वाटते.

ब्रिटिश कायद्याने काहीच केले नाही असे नव्हे. १८८३च्या कायद्याने सफेद्याच्या कारखान्यांत न्हाणीघर, वेगळे कपडे, तोंडाला फडके आणि आम्लयुक्त पेय सक्तीचे केले. १८९८ साली तर अधिक धोक्याच्या कामांतून स्त्रियांना वगळण्यातच आले. योगायोग असा की शॉचे नाटक पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले तेही १८९८ सालीच. नाटकावर मात्र सेन्सॉरची बंदी होती आणि इंग्लंडात त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. स्त्रियांना वगळण्याने अनेक जीव वाचले असतील, हे मान्य केलेच पाहिजे. पण या उपायाचे स्वरूपही नीट पाहिले पाहिजे. विष आणि माणूस समोरासमोर आले असता कायद्याने माणसाला हलवले. विष होते तिथेच राहिले. कारखान्यातून ते पिंपात भरले जाऊन घरोघर जातच होते.

विष हलवणे अशक्य होते काय? तसेही नव्हते. जस्ताचा पांढरा रंग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ठाऊक होता. पॅरिसमधील लक्लेर नावाच्या रंगकामाच्या कंत्राटदाराने १८४०च्या दशकात आपल्या कामगारांचा पोटशूळ आणि लकवा पाहून सफेदा सोडला आणि जस्ताचा रंग व्यवहारात आणला. तो धर्मादाय संस्था चालवत नव्हता. धंदाच करत होता आणि तो धंदा भरभराटीला आला. फ्रान्सने १९०९ साली कायदा करून इमारतींच्या रंगकामात सफेदा बंद करण्याचे ठरवले. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने तेराव्या क्रमांकाचा करार संमत केला. इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये, आणि अठरा वर्षांखालील मुलांना व सर्व स्त्रियांना अशा रंगकामाला लावू नये, ही त्यातील मुख्य कलमे. बाहेरच्या रंगकामाला मात्र नियमांच्या चौकटीत मोकळीक राहिली. रंग आणि शिसे यांचे हितसंबंध असलेल्या देशांशी झालेली ती तडजोड होती. ब्रिटनने हा करार स्वीकारला नाही. श्रमसंघटनेचा आरंभापासूनचा सभासद असलेल्या भारतानेही तो स्वीकारला नाही.

या करारात एक गोष्ट नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर होता रंगारी. रंग लावून झाल्यावर त्या भिंतीजवळ जो राहणार, तो नव्हता. ती दुसरी व्यक्ती दिसली होती दूर ऑस्ट्रेलियात, आणि ती तेथील डॉक्टरांना कशी दिसली हा या इतिहासातील सर्वांत वाचनीय भाग आहे.

क्वीन्सलँड हा उष्ण प्रदेश. तेथील घरे लाकडी, खांबांवर उचललेली आणि भोवती रुंद व्हरांडे असलेली. उकाड्यात मुलांचा सारा दिवस व्हरांड्यात जाई. १८९०च्या सुमारास ब्रिस्बेनच्या बालरुग्णालयात विचित्र लक्षणांची मुले येऊ लागली. पोटात कळा, लुळी पडलेली पावले, तिरळे झालेले डोळे, काहींची दृष्टी गेलेली. आल्फ्रेड जेफरिस टर्नर हे तेथील वैद्य आणि जॉन लॉकहार्ट गिब्सन हे नेत्रशल्यविशारद. टर्नर फावल्या वेळात पतंगांचे संग्राहक होते आणि त्या क्षेत्रातही त्यांचे नाव झाले. बारीक फरक टिपण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडली असावी. १८९२ साली या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शिशाची बाधा असल्याचे जाहीर केले. मुले कारखान्यात जात नव्हती, छापखान्यात जात नव्हती. मग शिसे आले कोठून?

पुढची बारा वर्षे हा शोध चालला. पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या तपासल्या गेल्या, खाण्याचे डबे आणि खेळणी तपासली गेली. शेवटी गिब्सन यांची नजर गेली ती व्हरांड्याच्या कठड्यावर. सफेदा लावलेला कठडा क्वीन्सलँडच्या उन्हात भाजून निघे आणि त्यावर पिठासारखी भुकटी धरे. मुले कठडा धरून उभी राहत, त्यावरून हात फिरवत, घामेजल्या बोटांना ती भुकटी चिकटे आणि बोटे तोंडात जात. १९०४ साली त्यांनी आपला निष्कर्ष एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. क्वीन्सलँडच्या मुलांतील शिसेबाधेचे मूळ रंगवलेले कठडे आणि रंगवलेल्या भिंती यांत आहे, असे त्याचे शीर्षकच सांगते. विशेष म्हणजे शीर्षकाची सुरुवात ‘प्ली’ या शब्दाने होते. याचना आणि न्यायालयापुढची बाजू, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात आपण सहसा ‘निरीक्षणे’ किंवा ‘अभ्यास’ असे शब्द पाहतो. गिब्सन यांना कळून चुकले असावे की पुरावा मांडणे पुरेसे नाही, बाजू लढवावी लागणार आहे.

मुलांच्या सवयी गिब्सन यांनी लपवल्या नाहीत. नखे कुरतडणाऱ्या आणि बोटे चोखणाऱ्या मुलांना धोका अधिक, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. मुले बोटे चोखणारच. म्हणून मुलांचे हात पोहोचतील तिथे हा रंग असता कामा नये, आणि त्यासाठी कायदा हवा. त्याच तथ्यावरून पुढे इतरांनी उलट निष्कर्ष काढला : मुलाला वाईट सवय आहे, आईने ती मोडावी. तथ्य एकच असताना कर्ता कोण आणि बदलायचे कोणी, यावर साऱ्या युक्तिवादाची दिशा ठरते. वाक्याचे व्याकरण शिकवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

गिब्सन यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. ही क्वीन्सलँडपुरती स्थानिक चमत्कारिक बाब आहे, असे बाहेरच्या वैद्यवर्गाला वाटत राहिले. अखेर १९२२ साली, म्हणजे निबंधानंतर अठरा वर्षांनी, क्वीन्सलँडने मुलांच्या हाताला लागतील अशा बाहेरच्या भागांवर, कठड्यांवर आणि कुंपणांवर शिसेयुक्त रंग लावण्यास मनाई केली. जिनिव्हाच्या कराराशी याची तुलना केली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. करार अवघ्या एका वर्षाने जुना. पण त्याने बंदी घातली होती घराच्या आतील रंगावर. ज्या कठड्याने ब्रिस्बेनची मुले आजारी पडली तो व्हरांड्याचा कठडा घराच्या बाहेर होता, म्हणजे कराराच्या कक्षेबाहेर. रंगारी कोंदट खोलीत अधिक धूळ ओढतो, म्हणून रंगाऱ्याचा विचार करणारा कायदा आत पाहतो. मुलाचा विचार करणारा कायदा मात्र जमिनीपासून हातभर उंचीवर पाहतो. कायदा कोणाच्या शरीराची कल्पना करून लिहिला गेला आहे, यावर त्याला काय दिसणार हे अवलंबून असते.

ब्रिस्बेनच्या त्या मुलांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. त्यांतली बरीचशी ‘बरी’ होऊन घरी गेली. परंतु क्वीन्सलँडमध्ये तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाऱ्यांचे प्रमाण असामान्य आहे, हे १९२९च्या सुमारास जार्व्हिस नाय यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याचा संबंध बालपणीच्या शिशाशी जोडला. १९५४ साली हेंडरसन यांनी रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतील मुलांचा माग काढला, तेव्हा हा संबंध आणखी बळकट झाला. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते दशकानुदशके तिथे राहते. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशाचा जेवढा अंश शोषून घेतो, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मूल शोषते. कठड्याचा रंग त्या मुलांच्या हाडांत जाऊन बसला होता.

आता अमेरिकेकडे वळू, कारण नाकारण्याची भाषा पूर्ण विकसित झाली ती तिथे. १९१४ साली बाल्टिमोरच्या थॉमस आणि ब्लॅकफन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने आपल्या पाळणावजा खाटेच्या कठड्याचा पांढरा रंग कुरतडून खाल्ला होता आणि शिशाने त्याच्या मेंदूवर घाला घातला होता. पुन्हा कठडाच. म्हणजे तोवर अमेरिकेलाही ठाऊक झाले होते. तरीही नॅशनल लेड या कंपनीने हातात ब्रश घेतलेला ‘डच बॉय’ हा गोंडस मुलगा आपले बोधचिन्ह म्हणून मिरवला, आणि १९२३ साली मुलांसाठी रंगवायची एक पुस्तिका काढली, जिच्यात शिशाच्या वस्तू मेजवानीला जमतात. बालवाङ्मयाच्या अभ्यासकांनी ही पुस्तिका अवश्य पाहावी. ज्या वाचकाला धोका सर्वाधिक, त्यालाच उद्देशून ती लिहिलेली आहे.

१९२८ साली स्थापन झालेल्या लेड इंडस्ट्रीज असोसिएशनने पुढची काही दशके हा प्रश्न गलिच्छ वस्त्यांचा आणि अडाणी पालकांचा असल्याची भूमिका लावून धरली. या संघटनेचा अंतर्गत पत्रव्यवहार जेराल्ड मार्कोविट्झ आणि डेव्हिड रोझनर या इतिहासकारांनी उजेडात आणला. २००२ सालचे त्यांचे ‘डिसीट अँड डिनायल’ हे पुस्तक त्यावर आधारलेले आहे. जुन्या, रंगाचे पोपडे निघालेल्या भाड्याच्या घरांत गरीब आणि विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. भिंत घरमालकाची, रंग कंपनीचा, आणि दोष मात्र आईचा. डिकन्सच्या लेखातली ‘प्रकृती’ येथे ‘पालकांचे अज्ञान’ हे नाव घेऊन परत आली.

दरम्यान, बाधेची व्याख्याच बदलत होती. १९४३ साली बायर्स आणि लॉर्ड यांनी शिसेबाधेतून ‘बरी’ झालेली २० मुले शाळेत कशी आहेत हे पाहिले, तेव्हा त्यांतील १९ मुले अडखळत होती. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. ही मुले आजारी नव्हती, चारचौघांसारखी होती. तरी ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापनातील कामगिरी कमी आणि वर्गातले लक्ष उणे, असे आढळले. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनातील गैरव्यवहाराचे आरोप झाले. चौकशीअंती ते त्यातून मुक्त झाले. अमेरिकेत १९६०च्या दशकात एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम शिसे चालते असे मानत. हा आकडा १९९१ साली १०वर, २०१२ साली ५वर आणि २०२१ साली ३.५वर आला. सुरक्षित म्हणता येईल असे शिशाचे प्रमाणच ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर ज्या मुलांना आपण ‘निरोगी’ म्हटले, त्यांतली कितीतरी निरोगी नव्हती.

कायदा या आकड्यांच्या मागून चालत राहिला. बाल्टिमोर शहराने १९५१ साली घरांच्या आतील शिसेयुक्त रंगावर बंदी घातली, अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७८ साली. मर्यादा प्रथम दहा लाख भागांत ६०० भाग होती. २००८च्या कायद्यानंतर ती ९० भागांवर आली. जुन्या घरांच्या भिंतींचे काय, हा वाद न्यायालयांत चालू राहिला, आणि कॅलिफोर्नियातील एका खटल्यात रंगकंपन्यांनी २०१९ साली ३० कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली.

आपल्याकडे ९० भागांची हीच मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ रोजी, आदल्या वर्षी केंद्र सरकारने केलेल्या नियमांन्वये. त्यापूर्वी दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००७ साली बाजारातल्या रंगांची तपासणी प्रसिद्ध केली होती. पाण्यात कालवायच्या प्लास्टिक रंगांत शिसे फारसे नव्हते. ज्याला आपण सर्रास ‘ऑइलपेंट’ म्हणतो त्या एनॅमल रंगांत ते भरपूर होते, आणि पिवळ्या-नारिंगी छटांत विशेष. दारे, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, पाळणे आणि बाके आपण याच रंगाने रंगवतो. मोठ्या कंपन्यांपैकी काहींनी नियम येण्याआधीच शिसे सोडले होते, यावरून ते सोडता येते हे सिद्ध झाले होते. तरी मधली दहा वर्षे गेलीच. महाराष्ट्रात शिशाच्या रंगाची चर्चा जाहीरपणे होते ती बहुधा गणपतीच्या मूर्तींच्या निमित्ताने. विसर्जनानंतर पाण्यात उतरणाऱ्या रंगांविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१०पासून मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तळ्याची काळजी योग्यच आहे. पण घरातल्या खिडकीचा गज धरून बाहेर पाहणारे मूल त्या चर्चेत क्वचितच येते.

शिवाय २०१६चे नियम घरगुती आणि शोभेच्या नव्या रंगांना लागू आहेत. औद्योगिक रंग त्यांच्या बाहेर आहेत, आणि आधीच लावून झालेल्या रंगाविषयी ते काही सांगत नाहीत. दिवाळीच्या आधी जुन्या वाड्यांत, चाळींत आणि शाळांत रंगकाम निघते, तेव्हा पहिले काम असते जुना ऑइलपेंट खरवडणे. रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने घासत असतो, पांढरी-पिवळी धूळ सतरंजीवर बसत असते, आणि घरातले मूल त्याच खोलीत खेळत असते. पृष्ठभाग ओला करून घासणे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दूर ठेवणे, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेणे, एवढ्यानेही बराच धोका कमी होतो. पण असे सांगताना मी स्वतःच पुन्हा ‘आईने काळजी घ्यावी’ हेच वाक्य उच्चारतो आहे, हे मला कळते. खबरदारी आज आवश्यक आहे. ती कायद्याचा पर्याय नव्हे. रंगाऱ्याच्या छातीत जाणारी धूळ तर अजून कोणी मोजतही नाही.

त्या विद्यार्थिनीला मी पुढे या साऱ्याचा सारांश सांगितला. ‘ठाऊक असणे’ या क्रियापदाला आपण फार मान देतो, असे मी तिला म्हणालो. शिशाबद्दल निकँडरला ठाऊक होते, फ्रँकलिनला होते, त्या आयरिश बाईलाही होते. कमी पडले ते ज्ञान नव्हे. बदलायचे कोणी याविषयीच्या वाक्याचा कर्ता कोणी बदलला नाही. तो बदलला लक्लेरने आणि गिब्सन यांनी, आणि त्यांचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकात यायला कितीतरी वर्षे लागली. तिने विचारले, मग शॉच्या त्या वाक्यावर टीप काय लिहायची? मी सांगितले, ‘एक विषारी रंगद्रव्य’ हे खोडून टाक आणि मजुरीचा हिशेब लिही : दिवसाचे अठरा पेन्स, आठवड्याचे नऊ शिलिंग, १८६८ आणि १८९३.